नस्टर्शियमचे लाड बंद करा: खायच्या फुलांसाठी या चुका टाळा

"पानंच पानं आलीत, फुलं कुठायत?" नस्टर्शियम, म्हणजे गोल पानांचं आणि खाता येणाऱ्या तिखट फुलांचं झाड, लावणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी एकच विचारते: खत काय काय घातलंत? मग यादी सुरू होते. शेणखत, गांडूळखत, वर कुठलंसं 'फुलं वाढवणारं' द्रावण.

हा मूर्खपणा आधी मीही केलाय. पहिल्या वर्षी कुंडी निम्मी शेणखताने भरली आणि दर आठवड्याला पेंडीचं पाणी घातलं. पानं बशीएवढी झाली. देठ मधोमध, पान गोल, त्यामुळे येणारे-जाणारे विचारायचे, "कमळ लावलंय का?" दोन महिन्यांत फुलं आली चार, त्यातली दोन पानांखाली सुकून गेल्यावर सापडली. तिकडे कुंपणाजवळच्या मुरमाड मातीत पिशवीतून सांडलेलं एक बी रुजलं होतं. त्याला कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि ते नुसतं फुललं होतं! नत्र जास्त मिळालं की हे झाड पानांतच रमतं. आता माझ्या कुंडीत साधी माती आणि थोडी वाळू असते, खत नाही. पाणी मात्र वेळच्या वेळी, कारण कोरडं पडलं की फुलं जास्त झोंबतात. मोहरीसारखा तिखटपणा यात मुळातच आहे.

बी रात्रभर भिजवा, एक-दीड सेंटिमीटर खोल पुरा आणि हात लावू नका. उगवायला ७ ते १४ दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून 'कोंब आला का' बघणाऱ्यांनी बागेऐवजी प्लास्टिकची फुलं घ्यावीत. रोप हलवलेलंही याला सोसत नाही, तेव्हा जिथे वाढवायचं तिथेच बी लावा.

सावलीत फुलं कमी येतात. कडक उन्हाळ्यात तर येतच नाहीत, तेव्हा उगाच घाबरू नका.

आता माझ्या रागाचा विषय. या झाडावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतो. येतोच. कोवळे शेंडे आणि कळ्यांवर काळा थर दिसला की लोक गुलाबासाठी आणलेलं औषध फवारतात आणि दोन दिवसांनी तीच फुलं ताटात! एका ओळखीच्या बाईंनी "धुऊन घेतली ना" म्हणत मलाही वाढली होती. मी हात जोडले. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनतं, ते नळाखाली धरून जात नाही. मी सकाळी पाण्याची जोरदार धार मारते, पानांच्या खालूनही, सलग तीन-चार दिवस. फारच भरलेला शेंडा खुडून टाकते. बस. याच कारणासाठी विकत आणलेल्या फुललेल्या रोपाचं फूल मी तोंडात घालत नाही. त्यावर आधी काय मारलंय कोण जाणे.

फुलं सकाळी, नुकती उमललेली खुडा. झाडावर बिया धरू दिल्या की फुलं कमी होतात, म्हणून हिरव्या बिया मी काढून व्हिनेगरमध्ये मुरवते.

बी घेताना पाकिटावर 'ट्रोपिओलम' हे या झाडाचं शास्त्रीय नाव वाचा. शास्त्रीय नावांत 'नस्टर्शियम' हे वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या प्रजातीचं (जीनसचं) नाव आहे. दोन्ही तिखट, पण झाडं वेगळी.

आणि फुलामागची ती लांब शेपटी तपासा. एकदा पाहुण्यांसमोर ठेवलेल्या सॅलडमधून मुंग्यांची वरात निघाली. तेव्हापासून पाहुण्यांसाठी मी शेपटी खुडूनच टाकते. स्वतःसाठी ठेवते, कारण मध तिथेच असतो. फक्त आधी टिचकी मारून बघते.