सुरीची पिवळी मूठ पुन्हा पांढरी केली

आईची पांढऱ्या प्लास्टिक मुठीची सुरी ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या घरात रोज चालते. मूठ हळदीने पिवळी झालेली, रिव्हेटांभोवती (मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्यांभोवती) काळपट चिकटा. पण टाकवेना.

चिकटा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुन्या टूथब्रशने निघाला. मग खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून हलकं घासलं. तारेची घासणी मुद्दाम टाळली. तिच्या ओरखड्यांत हळद आणखी मुरते. काळपटपणा गेला, पिवळेपणा तसाच!

खरं काम उन्हाने केलं. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य प्रकाशात विघटित होतं. जोडीला जांभळी नाक्यावरून ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड (रंग उडवणारं द्रावण) आणलं. हातमोजे घालून त्यात भिजवलेला कापूस मुठीवर गुंडाळला, वर पारदर्शक पिशवी बांधली आणि सुरी गॅलरीत ठेवली. मुलं घरात असतात, म्हणून पात्याला जाड पुठ्ठा. असं दोन दिवस दुपारी करावं लागलं. दर वेळी धुऊन लगेच कोरडी केली.

ब्लीच वापरू नका, त्यातल्या क्लोरीनमुळे स्टेनलेस पात्यालाही बारीक खड्डे पडतात. उकळतं पाणीही नको, मूठ सैल होते.

रिव्हेटांपाशी किंचित पिवळी कड अजून आहे. ती पुढच्या कडक उन्हात बघेन.