छोटं कुत्रं नक्की किती छोटं?

दोन महिन्यांचं पिल्लू तळहातावर मावतं आणि तेवढ्यावरच ते घरी आणायचा निर्णय होतो. तसं करू नका.

१. पिल्लाची आई, जमल्यास वडीलही, प्रत्यक्ष पाहा. आकाराचा याहून चांगला अंदाज नाही.
२. जातीचं पूर्ण वाढीचं वजन शोधा. पग साधारण ६ ते ८ किलो भरतो. लिटरच्या ७ भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून जिना चढा. आजारी कुत्र्याला असंच उचलावं लागतं.
३. छोट्या जातींची वाढ बहुधा १० ते १२ महिन्यांत पूर्ण होते, तोवर महागडा पट्टा, पिंजरा घेऊ नका.

सावधान: अगदी चिमुकली कुत्री ‘टीकप’ म्हणून विकली जातात, पण ‘टीकप’ नावाची मान्यताप्राप्त जात नाही. अतिलहान पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते आणि ते जिवावर बेतू शकतं.