साबुदाणा सुटला, भाकरी राहिली

एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी आहार बघा. मी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि कर्बोदकं कमी करायचं ठरवलं. कमी कर्बोदकांचं हे खाणं काही आजचं खूळ नाही. लंडनच्या विल्यम बँटिंगने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये त्यावर पुस्तिकाही छापली. गृहस्थाचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था बघण्याचा!

परदेशी पुस्तकांतले ॲव्होकॅडो वगैरे सरळ वगळले आणि आपल्या ताटाचा हिशेब मांडला. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५-९० ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावालाच. उपवासाची खिचडी भातालाही मागे टाकते! मग न्याहारीला पोह्यांऐवजी अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी ज्वारीची एकच भाकरी, पालेभाजी दुप्पट, मोडाची मटकी, ताक. रात्रीचा भात बंद (आईला अजून पटलेलं नाही). रसाऐवजी अख्खा पेरू.

सुरुवातीला डोकं जड व्हायचं. ताकात मीठ घातलं की बरं वाटे. पुढच्या तपासणीत ५.६ आलं. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी तोडू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.