कर्नलमध्ये मेमरी मिळाली नाही तर: ड्रायव्हर लिहिताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिणारे बहुतेक जण केमॅलॉकने (मेमरी मागायचे कर्नलमधील फंक्शन) नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत केला का, हे आठवणीने तपासतात. चूक होते ती त्यापुढच्या ओळींत, कारण त्या ओळी एरवी कधी चालतच नाहीत. पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) ४ केबीचे असेल तर साधारण ३२ केबीपर्यंतची जीएफपी_कर्नल मागणी (गरज पडल्यास थांबू शकणारी नेहमीची मागणी) कर्नल सहसा नाकारत नाही. तो थांबतो, पेजेस मोकळी करतो, प्रसंगी ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारी यंत्रणा) एखाद्या प्रोसेसचा बळीही घेतो.

समजा, प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल चालवतो ते ड्रायव्हरचे फंक्शन) पहिला बफर घेतला, इंटरप्ट (डिव्हाइसकडून येणारी सूचना) नोंदवला आणि दुसऱ्या बफरला नल आला. इथे पहिला बफर सोडून थेट बाहेर पडले, तर नोंदलेला इंटरप्ट तसाच राहतो आणि त्याचा हँडलर पुढे सोडून दिलेल्या मेमरीला हात घालतो. म्हणून सी भाषेतील गोटूची लेबले लावून, घेतले त्याच्या उलट क्रमाने सारे परत करावे. त्यातही एक बारीक खोच आहे: इंटरप्ट यशस्वीपणे नोंदवताना, परत करायचे मूल्य ठेवणाऱ्या रेट या व्हेरिएबलमध्ये शून्य (म्हणजे यश) आलेले असते, आणि गोटूआधी त्यात उणे ईनोमेम (मेमरी नसल्याचा एरर कोड) भरायचे राहिले की प्रोब शून्यच परत करतो. मग डिव्हाइस जोडले गेले असे कर्नल समजतो. माझ्या मते ही चूक सरळ क्रॅशपेक्षा वाईट, कारण बिघाड दिसतो तो भलत्याच ठिकाणी.

घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या केरीअ‍ॅलॉकचे उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवू नये. नल आला तर जुन्या मेमरीचा पत्ताच हरवतो.

स्पिनलॉक (धरलेला असताना झोपता येत नाही असे कुलूप) धरलेला असताना जीएफपी_कर्नल चालत नाही, हे खरे. पण तेवढ्यावरून सगळीकडे जीएफपी_अ‍ॅटॉमिक लावू नये. ती मागणी थांबू शकत नसल्याने लवकर फसते आणि राखीव साठाही खाते.

लॉगमध्ये 'पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४' असे दिसले, तर सलग १६ (२ चा चौथा घात) पेजेस मिळाली नाहीत असा त्याचा अर्थ होतो. एकूण मोकळी मेमरी भरपूर असूनही हे घडते, म्हणून आधी प्रॉकमधील बडीइन्फो (कोणत्या आकाराचे किती सलग तुकडे मोकळे आहेत ते दाखवणारी फाइल) पाहावे. मेमरी प्रत्यक्ष सलग असण्याची गरज नसेल, तर केव्हीमॅलॉक (सलग पेजेस न मिळाल्यास विखुरलेल्या पेजेसमधून मेमरी देणारे फंक्शन) वापरावे.

मेमरी न मिळाल्यावर चालणाऱ्या या ओळी तपासण्यासाठी फेलस्लॅब या कर्नलच्या चाचणी-सुविधेने मागण्या मुद्दाम फसवता येतात. मात्र त्यातील इग्नोर-जीएफपी-वेट (थांबू शकणाऱ्या मागण्या वगळणारे सेटिंग) मुळात 'वाय' असते; ते 'एन' केल्याशिवाय जीएफपी_कर्नलची एकही मागणी फसत नाही, आणि चाचणी उगाचच पास होते.