गुणांक शून्य आला, तरी लगेच ‘संबंध नाही’ लिहू नका

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी बीकॉमची मुलं शिकवणीला येतात. परवा एकीने वही पुढे केली. ‘काकू, सहसंबंध गुणांक शून्य आला. संबंध नाही, असं लिहू ना?’

सहसंबंध गुणांक म्हणजे दोन गोष्टी किती एकत्र बदलतात हे सांगणारा उणे 1 ते अधिक 1 मधला आकडा. उदाहरण मीच घातलं होतं, मनानेच आकडे घेऊन. पोह्यांवर जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) 0, 1, 2, 3, 4 चिमटी, आणि चवीला दहापैकी गुण 2, 6, 9, 6, 2. तिचं गणित बिनचूक होतं. पण इंदूरच्या माणसाला विचारा! दोन चिमटीपर्यंत चव चढत जाते, पुढे जीभ झोंबते. संबंध चांगला घट्ट आहे, फक्त तो सरळ रेषेत नाही. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा गुणांक, म्हणजे ‘आर’, सरळ रेषेतलाच संबंध मोजतो. मी तिला ग्राफ पेपर दिला. पाच बिंदू मांडल्यावर डोंगर दिसला आणि तिने स्वतःच उत्तर खोडलं.

तेव्हा आधी बिंदू मांडा, मग सूत्राला हात घाला.

उलटही होतं. (1,1), (1,2), (2,1), (2,2) या चार बिंदूंचा आर शून्य. त्यात एकच (10,10) घाला, आर थेट 0.98! एका लांबच्या बिंदूने सगळा आकडा ओढून नेला. हे करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी 1973 मध्ये असेच चार संच दिले होते. चौघांचाही आर सुमारे 0.816, चित्रं मात्र एकमेकांशी न जुळणारी.

चिन्हावरून फक्त दिशा कळते. उणे 0.8 हा अधिक 0.8 इतकाच जोरदार. उणे दिसलं की ‘कमी संबंध’ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. आणि 0.8 हा 0.4 च्या दुप्पट समजू नका. वर्ग करा: 0.64 आणि 0.16. म्हणजे एकातल्या चढउतारापैकी 64 टक्के भाग दुसऱ्याशी सरळ रेषेत जोडता येतो, दुसऱ्या वेळी फक्त 16 टक्के. चौपट फरक!

जोड्या किती, हेही लिहा. पाचच जोड्या असतील तर ‘हा नुसता योगायोग नाही’ असं 5 टक्के पातळीवर (म्हणजे संबंध नसताना असा आर शंभरात पाचच वेळा येईल, या कसोटीवर) म्हणायला आर 0.878 च्या वर लागतो. तीस असतील तर 0.361 पुरतो.

राहिलं कारण. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूची (तळलेल्या कंदाची) विक्री वाढते त्याच दिवसांत स्वेटरही खपतात. गराडू खाल्ल्याने कोणी स्वेटर घेत नाही, दोन्हींमागे थंडी आहे. म्हणून उत्तरात ‘मुळे’ लिहू नका, ‘बरोबर’ लिहा.

तिने शेवटी लिहिलं: ‘आर शून्य, जोड्या पाच. सरळ रेषेतला संबंध नाही. आलेखात मात्र दोन चिमटीपर्यंत चढ आणि नंतर उतार दिसतो.’ मी पूर्ण गुण दिले.