घरच्या ज्येष्ठांना कानाचं मशीन अंगवळणी कसं पाडावं

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घ्या. कधी कधी काम तिथेच भागतं. कोमट तेल, हेअरपिन, काडी हे प्रकार अजिबात नकोत. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर मशीनचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचाराला उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येणं कठीण.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलचा कान-नाक-घसा विभाग असो की खासगी दवाखाना, तक्ता मागून घ्या.

मशीन कानामागे लावायचं घ्या. ‘कुणाला दिसणारच नाही’ असलं इवलंसं मशीन थरथरत्या बोटांना पेलत नाही. दोन्ही कान कमजोर असतील तर दोन घ्या. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ‘आवाज वाढवणारे’ डबे भांड्यांचा आवाजही तितकाच वाढवतात, ते नकोतच. दारिद्र्यरेषेखालच्या 60 च्या पुढच्यांना 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत मशीन मोफत मिळू शकतं.

खरी लढाई पहिल्या महिन्यात असते, आणि बरीच मशीनं तेव्हाच कपाटात जातात.

वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, फ, थ निसटतात. ‘सात’, ‘हात’, ‘भात’ सगळं सारखंच. म्हणून तर ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार असते. मशीन लावलं की वर्षानुवर्षं बंद पडलेले आवाज एकदम परत येतात: पंखा, प्लास्टिकची पिशवी, नळ, स्टीलची ताटं. मेंदूला त्यांची सवय राहिलेली नसते. माणूस ‘कटकट आहे’ म्हणून मशीन काढून ठेवतो, तो काही नखरा नसतो.

माझे सासरे कुकरची पहिली शिट्टी झाली की मशीन काढून टेबलावर ठेवत. समजावणं, रागावणं, नातवाकडून आर्जवं, सगळं करून पाहिलं. उपयोग झाला तो एका वहीचा. कोणता आवाज टोचतो ते त्याच वेळी लिहायचं आणि वही ऑडिओलॉजिस्टपुढे, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञापुढे, ठेवायची. ‘बरोबर नाही’ एवढ्यावरून ते काय दुरुस्त करणार? ‘ताटं वाजली की टोचतं’ म्हटलं तर उंच आवाज कमी करता येतात. ‘स्वतःचाच आवाज घुमतो’ म्हटलं तर कानात बसणारा भाग बदलता येतो. मशीनमधूनच शिट्टी वाजत असेल तर तो भाग सैल आहे किंवा कानात मळ आहे. मशीन कॉम्प्युटरला न जोडताच ‘होईल सवय’ म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

सुरुवात घरात, टीव्ही बंद करून, एकाच माणसाशी बोलत, रोज तासभर. पेपर मोठ्याने वाचायला लावा, स्वतःच्या आवाजाची ओळख होते. मग स्वयंपाकघर, मग टीव्ही, मग गल्लीतला फेरफटका. भजनी मंडळ त्यानंतर. लग्न आणि रात्रीच्या सराफ्यातली खाऊगल्ली अगदी शेवटी. नात्यातल्या एका आजोबांना नवं मशीन लावून थेट मुंजीच्या लाऊडस्पीकरपुढे बसवलं होतं. त्यांनी त्यानंतर त्याला हात लावला नाही.

घरच्यांनी ओरडणं बंद करा. अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज लगेच दुखतो. म्हणून ‘जोरात बोल’ आणि ‘ओरडतोस कशाला’ ही दोन्ही वाक्यं खरी असतात. समोर या, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, थोडं सावकाश बोला. स्वयंपाकघरातून हाका मारू नका. आणि ‘काही नाही, जाऊ दे’ हे तर कधीच म्हणू नका. फार लागतं ते.

बाकी किरकोळ. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. सेलचा स्टिकर काढून दोन-चार मिनिटं थांबा, मग बसवा. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेतू शकतं. रात्री सेलचं झाकण उघडून मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात तर चुकवू नकाच. आंघोळीला आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, मशीन घरीच राहू द्या. फोन कानाच्या भोकाशी न धरता कानामागच्या मशीनच्या माइकजवळ धरायला शिकवा. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री परत करा आणि नव्या तक्त्याप्रमाणे मशीन जुळवून घ्या.