घडीच्या चाकूची तुटलेली स्प्रिंग घरी बनवताना

जुन्या शेफील्ड (इंग्लंड) घडणीच्या एकपाती चाकूत बहुतेक वेळा पाठीची, म्हणजे पात्याच्या बुडावर दाब ठेवणारी, स्प्रिंगच गेलेली असते. पाते, पितळी लायनर (मुठीच्या आतल्या पातळ पट्ट्या), मुठीची जर्मन सिल्व्हरची (तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूची) टोकं सहसा वाचवता येतात. म्हणून जुनं शक्य तितकं तसंच ठेवा आणि नवी स्प्रिंग त्याला बसेल अशी घडवा.

उघडण्याआधी चाकू दिवसभर केरोसीनमध्ये बुडवून ठेवा. पिनेचं डोकं कानशीने सपाट करा, खाली भोक असलेला लाकडी ठोकळा ठेवा आणि पंचाने पिन ठोकून काढा. टोकांमधली मुख्य पिन, जिच्यावर पाते फिरतं ती, दिसत नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवला की तिचं वर्तुळ हळूच उमटतं. घाई केली तर टोक चेपतं, आणि चेपलेलं टोक पुन्हा सरळ होत नाही.

स्प्रिंगसाठी मूळ जाडीची, साधारण ०.७५ टक्के कार्बनची स्प्रिंग स्टीलची पट्टी घ्या. मशीनच्या हॅक्सॉचं पातं वापरा असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका. ते बहुधा हायस्पीड स्टील असतं, घरच्या गॅस टॉर्चने नीट नरम होत नाही आणि त्यात भोकही पडत नाही.

आता खरी फसगत. स्प्रिंग दोन पिनांवर बसते, मागची आणि मधली. मधल्या पिनेचं भोक कुठे पाडता यावर सगळा चाकू ठरतो. मागच्या पिनेचं भोक आधी पाडा. पाते काढून ठेवा. स्प्रिंग लायनरवर मागच्या पिनेत अडकवा आणि तिचं पुढचं टोक, पाते असताना जिथे बसणार, त्याच्या सुमारे १ मि.मी. आत ढकलून शिकंज्यात पकडा. मगच लायनरच्या जुन्या भोकातून मधलं भोक पाडा. पाते घातलं की टोक तेवढं बाहेर ढकललं जातं, आणि तोच चाकूचा ताण. टोक लायनरशी समपातळीत ठेवून भोक पाडलंत तर ताण शून्य. पाते लोंबकळेल आणि पट्टी नव्याने कापावी लागेल. २ मि.मी. ठेवलंत तर नखाने पाते उघडणार नाही, किंवा स्प्रिंग मधल्या भोकापाशी तुटेल, कारण वाक सर्वात जास्त तिथे आणि धातू सर्वात कमीही तिथेच.

दुसरा धोका याला चिकटूनच आहे. पाणी देण्याआधी, म्हणजे पट्टी तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधी, ताणाची चाचणी घेऊ नका. कच्ची पट्टी वाकते आणि वाकलेलीच राहते. पाठीवर ०.३ मि.मी. जास्तीचं ठेवा, भोकांची कड गुळगुळीत करा, आडवे ओरखडे लांबीच्या दिशेने घासून काढा. तडा आडव्या ओरखड्यातूनच सुरू होतो.

आता पाणी द्या. पट्टी टॉर्चने तापवा, तिला चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं तापवा आणि ५०-६० अंशांच्या शेंगदाणा तेलात बुडवा. तेल झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा. पेटलं तर झाकण लावा, पाणी कधीच ओतू नका. कानस घसरली म्हणजे पट्टी कडक झाली. मग ती पांढरी चकचकीत करा आणि तव्यावरच्या कोरड्या वाळूत तापवत रंग पाहा: पिवळसर, तपकिरी, जांभळा, निळा. एकसारखा निळा आला, साधारण ३०० अंशांना, की काढा. वाळूतलं हे तापवणं दोनदा करा. पिवळ्यावर थांबलात तर ती काचेसारखी तुटेल. पहिली स्प्रिंग बिघडली तरी घाबरू नका, खर्च वीतभर पट्टीचाच आहे.

तात्पुरत्या पिना घालून पाते उघडं ठेवा आणि पाठ समपातळीत घासा. मग पाते मिटून पाहा. तेव्हा स्प्रिंग वर आली तर पात्याच्या बुडाची, मिटल्यावर स्प्रिंगला टेकणारी बाजू ०.१ मि.मी.च्या टप्प्याने कानसा. स्प्रिंग कानसून दोन्ही स्थितींतला फरक जात नाही. पाते जुनं आणि मोलाचं असेल तर ०.२ मि.मी.चा फरक राहू द्या असं माझं ठाम मत आहे.

मुख्य पिन ठोकताना बूड आणि लायनर यांच्यात तेल लावलेली वर्तमानपत्राची चिरलेली पट्टी घाला. डोकं पसरलं की ती ओढून काढा, नाहीतर पाते जाम होतं. हलके ठोके द्या, दर चार ठोक्यांनी पाते उघडून पाहा.

मुठीसाठी म्हशीचं शिंग किंवा शिसम घ्या. सांबरशिंग मूळचं असलं तरी नवं विकत घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे. जुनी मूठ कापरासारखी वास देत असेल तर ती सेल्युलॉइडची. तिच्याजवळ टॉर्च नेऊ नका, क्षणात पेटते. शिंग घासताना मास्क लावा.